झाडं वाढली आणि झरा आटला : एका छोट्या पाणलोटाचं प्रकरण

हे टिपण एका पाणी समितीच्या निर्णयांबद्दल आहे. ठिकाण किंवा माणसं ओळखू येतील असे तपशील काढून टाकले आहेत. मी तिथे माती-पाण्याचा सल्लागार म्हणून होतो.

पार्श्वभूमी

डोंगरावरून दोन ओहोळ उतरतात आणि एका तळ्याच्या थोडं वर एकमेकांना मिळतात. खालच्या वस्तीचं पाणी या तळ्यावर अवलंबून आहे. डाव्या ओहोळाचा उगम जुन्या जंगलात आहे. उजव्याच्या डोक्यावरचं जंगल दोन पिढ्यांपूर्वी तोडलं गेलं. काही वर्षं तिथे नांगर फिरला, पीक परवडेनासं झालं, जमीन पडीक राहिली आणि हळूहळू गुरं चरायची जागा झाली. दोन्हीकडे खडक तोच, पाऊस तोच, उतारही जवळपास सारखा. पाऊस काही महिन्यांत धो-धो पडून जातो, उरलेलं वर्ष कोरडं.

जंगल आणि उघडी जमीन यांची तुलना करायला इतकी सोयीची जोडी सहसा सापडत नाही. जलशास्त्रात अशा जोड्या मुद्दाम निवडतात. अमेरिकेत कोलोरॅडोमधल्या वॅगन व्हील गॅप इथे १९१० मध्ये शेजारशेजारच्या दोन पाणलोटांची मोजणी सुरू झाली, १९१९ मध्ये एकातली झाडं तोडली आणि दुसरा तसाच ठेवला. आमच्याकडची जोडी कुणी आखलेली नव्हती, ती कुऱ्हाडीने आपोआप पडली होती.

दोन्ही ओहोळांचे स्वभाव अगदी वेगळे. जोराची सर आली की उजवा ओहोळ लगेच फुगायचा, तांबडं गढूळ पाणी दणादण खाली आणायचा आणि सर थांबल्यावर तितक्याच लवकर उतरायचा. पावसाळा संपला की त्याची धारही संपायची. डावा सावकाश चढायचा, सावकाश उतरायचा आणि कोरड्या काळातही बराच वेळ बारीक का होईना वाहत राहायचा.

मधल्या काळात उजव्या उताराच्या एका पट्ट्यात लागवड झाली होती. एकाच जातीची, लवकर वाढणारी, दाट झाडं. रोपं जगली, सरळसोट वाढली आणि कागदोपत्री लागवड यशस्वी ठरली. त्या पट्ट्याच्या पायथ्याशी एक झरा आहे. लागवडीच्या आधी तो कोरड्या काळाच्या मध्यापर्यंत टिकायचा. झाडं उंच झाली तसा तो दरवर्षी आधी आटू लागला.

अडचण

समितीपुढे तक्रारी आल्या त्या एकदम. तळं गाळाने भरतंय, झरा आटतोय आणि उजवा ओहोळ पावसाळ्यानंतर टिकत नाही. तिन्हींवर एकच उपाय असेल असं सगळ्यांनी धरून चाललं होतं, आणि तो उपाय कोणता यावर दोन तट पडले होते.

एक तट म्हणायचा, डावीकडे झाडं आहेत म्हणून पाणी आहे, तेव्हा उजवा उतार पूर्ण झाडांनी भरून टाका. दुसरा तट झऱ्याकडे बोट दाखवायचा. झाडांनीच पाणी प्यायलं, ती लागवड मुळापासून काढा. दोघांच्याही डोळ्यांसमोर खरा पुरावा होता. एकाच उतारावर झाड पाणी देतं असंही दिसत होतं आणि झाड पाणी खातं असंही. बैठका तिथेच अडायच्या.

हा वाद जुनाच आहे. जंगल म्हणजे स्पंज, पावसात पाणी शोषतं आणि उन्हाळ्यात सोडतं, ही कल्पना शंभराहून अधिक वर्षं चालत आली आहे. ती निम्मी खरी आहे. जंगलातली माती पाणी आत घेते हे खरं, पण त्याच मातीत उभी असलेली झाडं त्यातलं बरंच हवेत सोडतात. १९८२ मध्ये बॉश आणि ह्यूलेट या संशोधकांनी ९४ पाणलोट-प्रयोगांचा आढावा घेतला. सूचिपर्णी किंवा निलगिरीचं आच्छादन १० टक्क्यांनी बदललं की ओढ्यातून वर्षभरात वाहणाऱ्या पाण्यात सरासरी सुमारे ४० मिलिमीटरचा फरक पडतो, असं त्यातून निघालं (हे पाणी सगळ्या पाणलोटावर पसरलं तर जेवढा जाड थर होईल, ते हे मिलिमीटर). झाडं कमी झाली तर पाणी वाढतं, झाडं वाढली तर घटतं. हा आकडा समितीत मांडला तेव्हा दुसरा तट खूश झाला. पण तो वर्षभराच्या एकूण पाण्याचा आकडा होता. कोरड्या महिन्यांत ओहोळात काय उरेल, हे त्यावरून कळत नाही आणि वस्तीला नेमकी त्याच पाण्याची गरज होती.

मातीत काय दिसलं

निर्णय घेण्याआधी तीन जागी खणून बघायचं ठरलं : जुनं जंगल, चराऊ उतार आणि लागवडीचा पट्टा. साधन साधंच. कुदळ, चाकू आणि दोन्हीकडून उघडं असलेलं रुंद लोखंडी नळकांडं. ते जमिनीत थोडं ठोकायचं, वरून पाणी ओतायचं आणि जिरायला किती वेळ लागतो ते बघायचं.

जंगलात वर पालापाचोळ्याचा थर. वरची पानं सुटी, खालची अर्धवट कुजलेली आणि बुरशीच्या पांढऱ्या धाग्यांनी एकमेकांना चिकटलेली. त्याखाली काळसर, रवाळ माती. मेलेली मुळं कुजून राहिलेल्या पोकळ नळ्या, गांडुळांची भोकं, किड्यांची बिळं. नळकांड्यात ओतलेलं पाणी उभं राहायलाच तयार नव्हतं, पुढची बादली येईपर्यंत आधीची गायब. पाऊस कितीही जोराचा असला तरी अशा मातीवरून पाणी सहसा वाहून जात नाही, आत शिरतं आणि उतारातून आतल्या आत खाली सरकतं.

चराऊ उतारावर चित्र उलटं. वर पापुद्र्यासारखी कडक खपली होती. उघड्या मातीवर थेंब आपटतात, मातीचे बारीक कण सुटतात आणि छिद्रांत जाऊन बसतात, त्यातून ही खपली तयार होते. मोठा थेंब सेकंदाला सुमारे ९ मीटर वेगाने पडतो, तेव्हा हा मारा काही थोडा नसतो. खपलीखालची माती खुरांनी दाबलेली, चाकूचं टोक आत जाईना. ढेकूळ फोडलं तर रवे न पडता आडव्या चकत्या निघाल्या. नळकांड्यातलं पाणी तसंच उभं. थोडं खोल खणलं तेव्हा मात्र अनपेक्षित ओल लागली. आत शिरलेलं पाणी थोडंच होतं, पण ते वर खेचायला खोलवर मुळंच नव्हती.

खरा धक्का लागवडीच्या पट्ट्यात होता. वर शेंडे एकमेकांना भिडलेले, सावली गार, लांबून जंगलच वाटावं. खाली पाहिलं तर जमीन नागडी. सावलीने गवत गेलं होतं आणि पाला जळणासाठी झाडून नेला जात होता. उकिडवं बसून पाहिलं तेव्हा प्रत्येक खड्याखाली मातीचा इवला खांब दिसला. खड्याने थेंब झेलला म्हणून त्याच्याखालची माती टिकली, भोवतालची उडून गेली. म्हणजे झाडांखाली धूप चालू होती. पानांवर साचून पडणारे थेंब पावसाच्या बऱ्याचशा थेंबांपेक्षा मोठे असतात आणि आठ-दहा मीटरवरून पडले की त्यांना जवळजवळ पूर्ण वेग येतो. माती वाचवतो तो पाला, गवत आणि खुरटी झुडपं. उंच शेंड्यांचं छत्र त्याला पुरं पडत नाही.

या पट्ट्यात खोल खणलं तर तिन्ही ठिकाणांत सर्वांत कोरडी माती निघाली. कोडं इथे सुटलं. लागवडीत झाडांची तहान जंगलाएवढी होती, पण मातीची पाणी आत घेण्याची ताकद जंगलासारखी झालेली नव्हती. खर्च जंगलाचा आणि जमा माळरानाची, मग झरा आधी आटला यात नवल नव्हतं.

या विचाराला शास्त्रात पक्का आधार आहे. उष्ण प्रदेशातल्या जंगलांच्या पाण्यावर काम करणारे ब्रॉइनझील यांनी तो नेटका मांडला. जंगल तोडल्यावर झाडांच्या पिण्यातून वाचलेलं पाणी एका पारड्यात, माती बिघडल्यामुळे न मुरता वाहून गेलेलं पाणी दुसऱ्या पारड्यात. कोरड्या काळातला प्रवाह वाढेल की घटेल हे कोणतं पारडं जड यावर ठरतं. अमेरिकेतल्या हबर्ड ब्रुक या प्रयोगासाठी राखलेल्या जंगलात १९६५-६६ च्या हिवाळ्यात एका पाणलोटातली सगळी झाडं पाडली, पण खोडं जागेवरच ठेवली. ओढणं नाही, रस्ते नाहीत, मातीला धक्का नाही. पहिल्या वर्षी ओढ्याचं पाणी सुमारे ४० टक्क्यांनी वाढलं. आमच्या उजव्या उतारावर तोडीनंतर नांगर आणि खुरं आली, म्हणून इथे ते वाढीव पाणी पुराच्या रूपाने निघून गेलं.

पावसात चालल्यावर कळलेलं

वरचं सगळं कोरड्या दिवशी बघितलं होतं. नंतर एका जोराच्या सरीत समितीतले काही जण आणि मी उजव्या ओहोळाच्या कडेने वर गेलो. सगळा उतार सारखाच गढूळ पाणी सोडत असेल अशी अपेक्षा होती, तसं नव्हतं. तांबडी धार प्रामुख्याने दोन ठिकाणांहून येत होती.

पहिली, डोंगरावरून खाली येणारी गाडीवाट. वाट दाबून दाबून टणक झालेली, तिच्यावर पडलेला जवळजवळ प्रत्येक थेंब वाहत होता. शिवाय जिथे वाट उतारात कापून काढली होती, तिथे मातीच्या आतून सावकाश येणारं पाणी उघडं पडून वाटेवर उतरत होतं. हे सगळं पाणी थेट ओहोळात. वाट म्हणजे पावसाळ्यापुरती ओहोळाची आणखी एक शाखाच झाली होती.

दुसरी, उगमाजवळची खोलगट जागा. चारी बाजूंनी उतार येऊन मिळतो तिथे जमीन आधीच भरलेली असते, त्यामुळे पाऊस तिथे मुरत नाही, वरून वाहतो. जंगलातही असंच होतं. डाव्या बाजूला तशीच खोलगट जागा पाण्याने भरली होती, पण तिथलं पाणी स्वच्छ होतं. उजवीकडे गुरं पाण्याला आणि बसायला नेमकी तिथेच येत. भिजलेल्या मातीवर खुरं पडतात तेव्हा ती सर्वाधिक दबते. पाणलोटातली सगळ्यांत नाजूक जागाच सगळ्यांत जास्त तुडवली जात होती.

समोर असलेले पर्याय

पूर्ण उतारावर दाट लागवड हा पर्याय सर्वांत लोकप्रिय होता. रोपांची संख्या मोजता येते, फोटो निघतो, अहवाल भरतो. पण लागवडीच्या पट्ट्याखाली झालं तेच सगळ्या उतारावर होण्याची भीती होती. झाडं पहिल्या काही वर्षांतच जोमाने पाणी ओढू लागतात, माती सुधारायला मात्र त्याहून कितीतरी जास्त काळ लागतो. मधली वर्षं तोट्याची.

दुसरा पर्याय लागवड पूर्ण तोडण्याचा. यात झरा पुढच्याच वर्षी परत येईल असं गृहीत धरलेलं होतं. दक्षिण आफ्रिकेतल्या मोकोबुलान इथल्या प्रयोगाचा दाखला मी दिला. तिथे गवताळ पाणलोटात निलगिरी लावली आणि नवव्या वर्षी ओढा पूर्ण आटला. सोळा वर्षांची झाडं तोडल्यावरही ओढा बारमाही व्हायला पाच वर्षं लागली. मुळांनी खोलवरचा साठा रिकामा केला होता, तो आधी भरावा लागला. (त्या देशाने १९९८ च्या जलकायद्यात व्यापारी लागवडीला ओढ्याचं पाणी घटवणारं काम म्हणून थेट नोंदवलं आहे.) आमचा पट्टा शिवाय बराच चढाचा. झाड तोडल्यावर मुळं हळूहळू कुजतात, मातीवरची त्यांची पकड सुटत जाते आणि नवी मुळं धरेपर्यंतची काही वर्षं दरड घसरण्याच्या दृष्टीने वाईट असतात. हबर्ड ब्रुकमधली आणखी एक गोष्ट इथे महत्त्वाची होती : झाडं गेल्यावर तिथल्या ओढ्यात नायट्रेट भरमसाट वाढलं होतं. आमचं पाणी पिण्याच्या तळ्यात जात होतं.

तिसरा, यंत्राने सगळ्या उतारावर सलग समतल चर, म्हणजे उताराला आडवे, एकाच पातळीत खणलेले. चर चांगले, पण सगळीकडे नाहीत. वरची माती उघडी असेल तर ते एक-दोन पावसाळ्यांत गाळाने भरतात, आणि तीव्र उतारावर साठलेलं पाणी भरावाला ओझं होतं.

चौथा, गुरं थांबवायची आणि गवत येऊ द्यायचं. सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कमी दिसणारा. अडचण एकच, पण खरी. एका वयस्कर गुराख्याने बैठकीत विचारलं, "गुरं काय तुमच्या नकाशावर चरणार?" त्या दिवशी त्याला उत्तर मिळालं नाही.

नुसता गाळ काढत राहायचा, हाही एक पर्याय होता. तो दर काही वर्षांनी पुन्हा करावा लागला असता, म्हणून त्यावर फार बोलणं झालं नाही.

काय ठरलं आणि कसं

बैठकीचं वळण बदललं ते प्रश्न बदलल्यावर. झाडं हवीत की नकोत, याऐवजी पाणी नेमकं कुठे मातीत शिरायचं थांबलंय असा प्रश्न घेतला तेव्हा दोन्ही तटांना बोलायला जागा मिळाली. बुर्किना फासोमधल्या एका अभ्यासाचाही उपयोग झाला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कामात भूजलात सर्वांत जास्त पाणी विरळ झाडी असलेल्या जमिनीत मुरताना दिसलं. पूर्ण उघड्या जमिनीत ते कमी होतं आणि दाट झाडीतही कमी. सुट्या झाडांभोवती माती भुसभुशीत होते आणि एकूण पिणारी मुळं मात्र मर्यादित राहतात. दोन्ही तट एकाच वेळी बरोबर असू शकतात हे यातून दिसलं.

ठरलं ते असं. आधी गाडीवाट. तिच्यावर ठरावीक अंतरावर तिरपे उंचवटे घालून पाणी ओहोळात न जाऊ देता बाजूच्या गवतावर सोडायचं. मग उगमाची खोलगट जागा गुरांना पूर्ण बंद, आणि पाणी पाजायला खाली वेगळा हौद. उरलेला चराऊ उतार तीन भागांत वाटून आळीपाळीने बंद. बंद भागातलं गवत बी पडल्यावर कापून न्यायला मोकळीक. लागवडीची विरळणी, म्हणजे मधली मधली झाडं काढणं, टप्प्याटप्प्याने, ओहोळालगतची झाडं तशीच ठेवून. फांद्या आणि पाला जागेवरच, खोडं ओढत न्यायची नाहीत. चर फक्त सौम्य उताराच्या भागात, हाताने, तुटक तुटक.

नवी रोपं मोजकीच, स्थानिक जातींची, तीही बंद केलेल्या भागात. समितीतल्या काहींना हे शेवटपर्यंत पटलं नाही. एवढी कमी रोपं लावून कार्यक्रम कसला, असं एकाने उघड म्हटलं.

प्रत्यक्ष काम

वाटेवरचे उंचवटे पहिल्या पावसाआधी झाले. हे काम इतकं साधं की त्याचं कुणी उद्घाटनही केलं नाही. दोन्ही ओहोळांत रंगाच्या खुणा केलेली पट्टी उभी केली आणि वस्तीतल्या एका मुलीने रोज सकाळी, आणि मोठी सर झाली की नंतरही, पातळी वहीत लिहायला सुरुवात केली. डावा ओहोळ हा आमचा ताळा होता. पाऊस कमी-जास्त झाला तर दोन्हीकडे होणार, त्यामुळे उजव्यात झालेला फरक कामामुळे की पावसामुळे, हे दोन्ही नोंदी शेजारी ठेवूनच कळणार होतं.

चराईबंदी पहिल्या वर्षी फसली. कुंपण घातलं, पण हौद वेळेत पूर्ण झाला नाही. गुरांना पाणी कुठे, तर त्याच खोलगट जागेत. कुंपण मोडलं गेलं आणि ते कुणी मोडलं यावर भांडणं झाली. दुसऱ्या वर्षी क्रम बदलला. आधी हौद, मग कुंपण. कोणता भाग कधी बंद ठेवायचा हे ठरवायचं काम गुराख्यांकडेच दिलं. त्यांनी समितीने आखलेली वाटणी बदलली, कारण समितीच्या वाटणीत एका भागात सावलीच नव्हती. नकाशात ते दिसलं नव्हतं.

चरांच्या बाबतीत ठरल्याप्रमाणे झालं नाही. दुसऱ्या एका योजनेतून यंत्र उपलब्ध झालं आणि उताराच्या वरच्या, चढाच्या टोकाला एक लांब सलग चर खणून घेतला गेला. कागदावरची चरांची लांबी भरायची होती. दुसऱ्या पावसाळ्यातल्या एका मोठ्या सरीत तो एका टोकाला फुटला. चरात साठलेलं सगळं पाणी एकाच जागेतून सुटलं आणि खाली नवी घळ पडली. हाताने खणलेल्या तुटक चरांना काही झालं नाही. एखादा भरला तरी पाणी शेजारच्या गवतात पसरून जात होतं.

काय झालं

सर्वांत लवकर फरक दिसला तो वाटेमुळे. पहिल्याच पावसाळ्यात लहान आणि मध्यम सरींनंतर उजव्या ओहोळाचा गढूळपणा डोळ्यांना कळण्याइतका कमी झाला. जिथे पाणी गवतावर सोडलं होतं तिथे गाळाचे पातळ पंखे पसरलेले दिसत. हाच गाळ आधी तळ्यात जायचा.

उगमाची खोलगट जागा दुसऱ्या वर्षापासून हिरवी झाली, तिसऱ्या वर्षी तिथे पाय रुतण्याइतकी मऊ माती आणि गच्च गवत होतं. नळकांड्याची चाचणी पुन्हा घेतली तेव्हा वरच्या थरात पाणी आधीपेक्षा स्पष्टपणे लवकर जिरलं. खालचा दबलेला थर मात्र तसाच होता. तो सुटायला मुळं आणि गांडुळं यांनाच राबावं लागेल, आणि ते काम काही दशकांचं असू शकतं.

वहीतल्या नोंदींवरून सरींबद्दल नीट चित्र मिळालं. लहान आणि मध्यम सरींत उजव्या ओहोळाचा फुगारा डाव्याच्या तुलनेत कमी झाला होता. मोठ्या, लांबलेल्या पावसात काहीच फरक नव्हता, तेव्हा डावा ओहोळसुद्धा उफाळून येत होता. माती भरली की जंगल असो वा माळ, वरून येणारं पाणी जाणार कुठे? समितीतल्या काहींना यामुळे सगळं काम वाया गेलं असं वाटलं. पण धूप बरीचशी वारंवार येणाऱ्या सरींतच होत होती, आणि तिथे फरक पडला होता.

झऱ्याचा हिशोब सर्वांत अडचणीचा. विरळणीनंतरच्या दुसऱ्या वर्षी तो आधीपेक्षा जास्त टिकला आणि वस्तीत आनंदीआनंद झाला. पण त्या वर्षी डावा ओहोळही नेहमीपेक्षा जास्त टिकला होता, म्हणजे बरंचसं श्रेय पावसाचं. तिसऱ्या वर्षी पाऊस कमी झाला. डाव्याचं पाणी लवकर बारीक झालं, झरा मात्र त्या प्रमाणात आधी आटला नाही. हा पुरावा थोडा भरवशाचा. तो एकाच वर्षाचा आहे, एवढं लक्षात ठेवायला हवं.

दरम्यान लागवडीत नवं दुखणं उभं राहिलं. तोडलेल्या बुंध्यांना जोरदार फुटवे आले. जुनी मुळं तयार होतीच, त्यामुळे हे फुटवे रोपांपेक्षा कितीतरी वेगाने वाढले आणि विरळणीने मोकळी केलेली जागा भरू लागले. एकदा विरळणी केली आणि विसरलं, असं इथे चालत नाही. फुटवे दरवर्षी काढावे लागतात, आणि या कामाला माणसं मिळवणं हे पहिल्या तोडणीपेक्षा जड गेलं. पाला झाडून न नेण्याचं बंधन मात्र बऱ्यापैकी पाळलं गेलं. पट्ट्याखाली झुडपं आणि गवत दिसू लागलं, आणि खड्यांखालचे मातीचे खांब नव्याने होताना दिसले नाहीत.

पुन्हा करायचं झालं तर

मोजणी कामाच्या आधी, निदान एक पूर्ण पावसाळा, सुरू व्हायला हवी होती. पट्ट्या कामाबरोबरच लागल्या, त्यामुळे कामाआधी दोन ओहोळांचं एकमेकांशी काय प्रमाण होतं याच्या फक्त आठवणी आहेत, नोंदी नाहीत. समितीला घाई होती आणि निधी त्याच वर्षी खर्च व्हायला हवा होता, ही कारणं समजण्यासारखी आहेत. तरी एक रंगवलेली पट्टी आणि एक वही निधीची वाट बघत नाही.

गुराखी निर्णय घेण्यात दुसऱ्या वर्षी आले, ते पहिल्या बैठकीपासून असायला हवे होते. उगमाची जागा कधी भिजते, गुरं तिथे का थांबतात, हे त्यांना नळकांडं न ठोकताच माहीत होतं.

सलग चराचा निर्णय कुणी घेतला हे अजून स्पष्ट नाही. यंत्र आलं, वेळ कमी होता, आणि उतारावर चालून न पाहता रेघ मारली गेली. त्या दिवशी चालून पाहिलं असतं तर तिथली माती आधीच सुटी झालेली दिसली असती. पडलेली घळ आता दगडी आडबांध घालून थांबवावी लागते आहे, म्हणजे पाणी अडवायच्या कामाने नवं काम तयार केलं.

झऱ्याबद्दल समितीने वस्तीला जे सांगितलं त्याचा सूरही वेगळा असायला हवा होता. झाडं काढली की पाणी येईल, असं ऐकल्यावर लोक पुढच्या वर्षी पाण्याचीच वाट बघतात. खोलवरचा साठा आधी भरायचा आहे, त्याला काही वर्षं लागतील, हे सुरुवातीलाच सांगितलं असतं तर दुसऱ्या वर्षीचा आनंद आणि तिसऱ्या वर्षीची निराशा दोन्ही थोडी आवरली असती.

एक तपासणी राहूनच गेली. झऱ्याला पाणी नेमकं कुठून येतं हे आम्ही उताराच्या आकारावरून धरून चाललो. खडकाचे थर कलते असतील तर जमिनीखालचं पाणी टेकडीच्या पलीकडच्या बाजूनेही येऊ शकतं, आणि तसं असेल तर विरळणीचा काही भाग चुकीच्या ठिकाणी झाला असेल. भूशास्त्राच्या माणसाला एक दिवस फिरवलं असतं तरी बरीच दिशा मिळाली असती. समितीच्या पुढच्या कामांत हे आता पहिल्या क्रमांकावर आहे. लागवडीच्या उरलेल्या ओळींचं काय करायचं, हा निर्णय त्या फेरीनंतर घ्यायचा असं ठरलंय. तोवर फुटवे काढणं चालू राहील, आणि चराईच्या तीन भागांची पाळी गुराखी ठरवतील.